सन्मतीचं नाटक

"मॅडम, नाटक करतीया ही," आप्पा म्हणाले. "उद्या कन्नडचा पेपर हाय."

आप्पा म्हणजे सन्मतीचे आजोबा, निपाणीचे तंबाखूचे व्यापारी. सन्मती तिसरीत. आदल्या दिवसापासून तिचं डोकं दुखत होतं. सकाळी उलट्या झाल्या आणि नंतर "मला दिसंना" म्हणून ती रडायला लागली. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळे उत्तम असल्याचं सांगून तिला बेळगावला माझ्याकडे पाठवलं. मी लहान मुलांच्या मेंदूविकारांची डॉक्टर. डोळे उत्तम म्हटल्यावर आप्पांचा संशय पक्का झाला होता.

मी टॉर्च मारला. बाहुल्या झटकन आकसल्या. मग तिच्यासमोर चॉकलेट धरलं. ती ढिम्म. कागद चुरचुरवला तेव्हा तिनं हात पुढे केला, तोही भलतीकडे.

"आप्पा, नाटक करणारं मूल चॉकलेट सोडेल?"

हा मुद्दा आप्पांना पटला.

"डोळे फक्त उजेड आत घेतात," मी सांगितलं. "दिसतं ते मेंदूच्या मागच्या भागात. बिघाड तिथे असावा."

"म्हंजे डोळं फुडं आणि दिसतंय मागं?"

"हो."

"मग चष्मा कुठं लावायचा?"

सन्मतीचा चेहरा मला फुगल्यासारखा वाटला. तसं विचारलं तर तिची आई कौतुकानं म्हणाली, "काकतीला माझ्या माहेरी ऱ्हाऊन आली न्हवं, गाल भरलेत."

"येऊन लई दिस झालं की!" आप्पा उसळले. "ते गाल आमच्या तुपाचं हाईत."

"ती सूज आहे," मी म्हटलं. गालांवरचा हक्क दोघांनीही तत्काळ सोडला.

"लघवी कशी होते?"

"काळ्या चहावाणी," आई म्हणाली. "पाणी कमी पितीया म्हणून असंल वाटलं."

"मध्यंतरी घसा दुखत होता?"

"व्हय, काकतीत असताना."

घशाच्या जंतुसंसर्गानंतर कधीकधी किडनीला सूज येते आणि बीपी वाढतं. ते फार वाढलं तर मेंदूच्या मागच्या भागाला सूज येऊन दिसेनासं होतं. पण सन्मतीचं बीपी तोवर कुणी मोजलंच नव्हतं. सिस्टरनं मोठ्यांचा पट्टा आणला. तो लहान दंडाला लावला की बीपी खोटंच कमी दिसतं. छोटा पट्टा कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली चहाला गेलेल्या दुसऱ्या सिस्टरच्या खिशात. शेवटी ती पळत आली. आकडा असा निघाला, की तो आप्पांचा असता तरी मी घाबरले असते.

"बीपी तर मला हाय," आप्पा म्हणाले आणि खिशातून गोळ्यांची स्ट्रिप काढली. "ह्यातली अर्धी दिऊ?"

"ठेवा ती आत. एकदम उतरवलं तर मेंदूला रक्त कमी पडेल. हळूहळू उतरवायचं, सलाईनमधून."

सलाईन लावत होतो तेवढ्यात सन्मतीचा हात उडायला लागला. मान एका बाजूला वळली. तिला झटका आला होता. आम्ही इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. झटका थांबेपर्यंत आप्पा भिंतीला टेकून उभे होते. मग हळूच म्हणाले, "मॅडम, हे नाटक न्हाय."

एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागावर दोन्हीकडे पांढरे डाग दिसले. या आजाराच्या इंग्रजी नावाचं लघुरूप 'प्रेस'.

"प्रेस म्हंजे इस्त्री न्हवं?" आप्पांनी विचारलं. त्यांना जरा हुशारी आली होती.

"तीच समजा. पण बहुतेक वेळा वेळेत उपचार झाले की दृष्टी परत येते."

बहुतेक वेळा. हे दोन शब्द आईनं बरोबर ऐकले. ती आयसीयूच्या दारातून हलली नाही.

दुसऱ्या दिवशी राऊंडला गेले तेव्हा बीपी बरंच आटोक्यात आलं होतं. सन्मती डोळे बारीक करून आजोबांकडे बघत होती.

"आप्पा," ती म्हणाली, "शर्टाची बटनं चुकल्यात."

खरंच चुकली होती. आदल्या दिवसापासून ती आमच्यापैकी कुणालाच दिसली नव्हती. आप्पांनी ती नीट लावायचा प्रयत्न केला, पण पुन्हा चुकली. शेवटी सुनेनं लावून दिली.

पुढे किडनीही सावरली.

मूल नाटक करतंय, हेही एक निदान आहे. फक्त ते सगळ्यात शेवटी करायचं असतं, बाकीचं तपासून झाल्यावर. आणि बाकीच्यात बीपी येतं.