एक जूनचा केक

बशीरभाई मुकादम दुसरं लग्न करणार, ही बातमी कतारला, मदिनत खलीफातल्या पिवळ्या व्हिलात वरच्या मजल्यावरून खाली उतरली. एका व्हिलात पाच बिऱ्हाडं, मधल्या भिंती प्लायवूडच्या. तिथे बातमीला जिना लागत नाही की दरवाजा. वरच्या रुकैयाने म्हणे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं: मिशीला कलप, पायात पांढरेशुभ्र बूट, आणि संध्याकाळी कंपाउंडच्या भिंतीला धरून वीस फेऱ्या. एवढं कष्टाचं काम माणूस उगीच करतो होय? गुरुवारपर्यंत नवरीचं गावसुद्धा ठरलं. कुणी श्रीवर्धन म्हणे, कुणी थेट हैदराबाद.

शुक्रवारी सकाळी बशीरभाईंच्या बायकोने, तय्यबाभाभींनी, कपडे वाळत घालता घालता बातमीचा निकाल लावला. "अगं रुकैया, यांना स्वतःचे मोजे कुठल्या खणात असतात ते ठाऊक नाही. दुसरी आणून काय, तिलाही मोजेच विचारणार? घाबरलेत ते. येत्या एक जूनला साठ होतायत."

रुकैया थोडी हिरमुसली. पण खरी गोष्ट तिच्या बातमीपेक्षा चटकदार होती आणि ती भाभींनी दाताखाली धरून ठेवली होती. बशीरभाई साठ होतच नव्हते. त्यांना सत्तावन्न पुरी झाली होती.

त्याचं असं झालं. दाभोळच्या शाळेत मास्तर पोराचं नाव घालताना जन्मतारीख विचारायचे, आणि आय सांगायची, "शिमग्याच्या पुढेमागे." शिमगा काही दाखल्यावर लिहिता येत नाही. मग मास्तर सगळ्यांनाच एक जून द्यायचे. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. पुढे आखातातलं युद्ध संपलं, मुंबईचा एजंट गावात आला आणि म्हणाला की कतारला गोडाऊन सांभाळायला माणूस हवा, पण पंचवीसच्या आतला नको. बशीर होता बावीसचा. एजंट म्हणाला, त्यात काय, करू की पंचवीस. कुठून कसा तो नवा कागद आला आणि १९६९ चं १९६६ झालं. गडबडीत एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. थोरला भाऊ दोनच वर्षांनी मोठा होता. त्या दिवसापासून कागदावर बशीर त्याचा दादा झाला.

तरण्याताठ्या बशीरला तेव्हा ते भलतंच आवडलं होतं. विमानातून उतरताना आपण तीन वर्षं पुढे निघून आलो, असं त्याला वाटलं. पुढे निघून आलेल्या माणसाला शेवटही लवकर गाठतो, हे त्या वयात कोण सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण.

अल रय्यानला त्यांची कंपनी. एसीच्या सुट्या भागांचं मोठं गोडाऊन, आणि पस्तीस वर्षं त्याच्या किल्ल्या बशीरभाईंच्या कमरेला. तिथे महाराष्ट्रातली सात माणसं; कुणी कोकणातला, कुणी साताऱ्याकडचा, कुणी बीडचा. आणि सातही जण एक जूनचे. एचआरवाल्यांना पहिली काही वर्षं वाटायचं की महाराष्ट्रातल्या बायका ठरवून एकाच दिवशी बाळंत होतात. आता त्यांनी विचार करणं सोडून दिलंय. एक जूनला एक मोठा केक येतो, सातही जणांची नावं त्यावर मावत नाहीत म्हणून नुसतं 'हॅपी बर्थडे ऑल' लिहितात, आणि खलास.

गेल्या वर्षी त्या केकवर बाबूची साठी झाली. माणगावचा बाबू, एसी मेकॅनिक. क्रीम नाकाला लागलं म्हणून सगळे खदखदून हसले, बाबू सगळ्यांत जास्त. जुलैत त्याला कळलं की साठ झाली म्हणून कंपनी त्याचा व्हिसा वाढवत नाही. ऑगस्टमध्ये बाबू गावाला परत गेला. राहिला तो त्याचा स्टीलचा डबा, पँट्रीतल्या फळीवर, झाकणावर खिळ्याने कोरलेलं नाव. बशीरभाई चहा घ्यायला जायचे तेव्हा त्यांची नजर आपोआप तिथेच जायची. मार्चपासून त्यांनी पँट्रीतला चहा सोडला.

स्वतःसाठी भीती असती तर त्यांनी ती विडीसारखी ओढून टाकली असती. पण निदा बारावीला होती. उशिरा झालेली एकुलती एक मुलगी. बोर्डाची परीक्षा पुढच्या फेब्रुवारीत. बापाचा व्हिसा जुलैत संपला तर आईचा आणि मुलीचाही संपणार. वर्षाच्या मध्येच शाळा सोडून दाभोळला जायचं, तिथे कुठल्या वर्गात कोण घेणार?

निदाला मराठी सगळी कळते, उत्तर मात्र इंग्रजीतून येतं. घाबरली की मराठीवर येते. बापाची काळजी कळली त्या दिवशी मराठीवर आली. "अब्बा, खरं सांगून टाका ना. थोरले चाचा आहेत, त्यांचा दाखला आहे. करेक्शन होतं."

"काय सांगू? पस्तीस वर्षं खोट्या तारखेवर राहिलो, असं स्वतःच्या हाताने लिहून देऊ? साठ आहे म्हणून काढतील तर निदान सलाम करून काढतील."

"मग कलप कशाला लावता?" भाभी आतून म्हणाल्या. "पासपोर्टला पण लावा थोडा."

बशीरभाई हसले नाहीत. उठून फेऱ्या मारायला गेले. पंचवीस मारल्या.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात एचआरच्या मालविकाचा फोन आला. पुण्याची मुलगी, सगळ्यांना काका म्हणते. "बशीरकाका, उद्या दहाला केबिनला या. पासपोर्ट घेऊन या."

पासपोर्ट. बाबूलाही असंच बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोडाऊनच्या किल्ल्या जालिंदरकडे दिल्या. जालिंदर साताऱ्याकडचा, डिलिव्हरीची गाडी चालवतो. "दहा मिनिटांत येतो," असं सांगताना त्यांचा आवाज इतका फाटला की जालिंदरने किल्ल्या दोन्ही हातांनी घेतल्या, प्रसाद घ्यावा तशा. केबिनपर्यंतच्या वाटेत बशीरभाईंनी दोन भाषणं तयार केली. एकात सगळं खरं होतं, एकात काहीच नव्हतं. एसी जोरात चालू होता आणि कलपाचा काळा घाम मिशीतून ओठावर उतरत होता.

"बसा काका. एक विचारायचं होतं..."

तिला काय विचारायचं होतं ते राहूनच गेलं. बशीरभाईंच्या तोंडून चुकीचं भाषण निघालं. शिमगा, मास्तर, एजंट, पंचवीसची अट, थोरल्या भावाचा झालेला धाकटा भाऊ, निदाची बारावी, सगळं सांडलं. शेवटी म्हणाले, "मी सत्तावन्नचा आहे, पोरी."

मालविकाने पेन खाली ठेवलं. बशीरभाईंना तेवढ्यात बाबूचा डबा दिसला, आणि त्याच्या शेजारी दुसरा एक डबा.

"काका, तुमच्या पासपोर्टची कॉपी पुसट आली होती," ती सावकाश म्हणाली. "पुन्हा काढायची होती, एवढंच. तुमचा व्हिसा एक वर्ष वाढवायचा ठरलाय. मागच्याच आठवड्यात सही झाली. गोडाऊनमध्ये काय कुठे ठेवलंय ते तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही म्हणे."

सुटका झाली होती, आणि त्याच दमात गळ्यातला फास त्यांनी स्वतःच विणून तिच्या हातात दिला होता.

"आता जे सांगितलंत," मालविका म्हणाली, "ते तुम्ही मला सांगितलंत का?"

त्यांना कळायला जरा वेळ लागला. "नाही," ते म्हणाले.

"मग मी ऐकलंही नाही. पासपोर्ट द्या."

घरी हे ऐकून भाभींनी कपाळावर हात मारला, मग तोच हात देवापुढे उघडला. निदाची परीक्षा एका वर्षात बसत होती. पण त्या रात्रीही बशीरभाईंनी व्हिलाचं फाटक दोनदा तपासलं. पुढच्या वर्षी कागदावर एकसष्ट. आणि आता कागदाबाहेरचं जाणणारं एक माणूस ऑफिसात, रोज समोरून जाणारं. मालविका चांगली मुलगी, पण चांगल्या माणसांनाही एखाद्या दिवशी विसर पडतो की आपण काय ऐकलेलं नाही. ती गोडाऊनवरून गेली की बशीरभाई अजूनही पेट्या मोजायला वाकतात.

एक जूनला केक आला. बाबू गेल्यावर उरलेले सहाही जण उभे राहिले, सुरी बशीरभाईंच्या हातात दिली. मिशी या वेळी पांढरी होती. कलप त्यांनी रुकैयाच्या नवऱ्याला देऊन टाकला होता, आणि त्यावरून व्हिलात आता नवीन बातमी फिरत होती. मालविका दारात उभी होती. बशीरभाईंनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पटकन केकमध्ये सुरी घातली.

जालिंदरला आपला कशाचाच पत्ता नाही. त्याने तोंडात घास कोंबून विचारलं, "बशीरभाई, साठी झाली. आता गावाला जाऊन करणार काय?"

बशीरभाईंनी बोटाचं क्रीम पुसलं. "आधी थोरल्या भावाचा धाकटा भाऊ होईन. पस्तीस वर्षं त्याचा दादा होऊन दमलोय."