चारी कोपरे शाबूत

पोस्टकार्ड हातात आलं की चाची आधी त्याच्या चारी कोपऱ्यांवरून अंगठा फिरवायची. मरणाची खबर असली तर आमच्याकडे कार्डाचा कोपरा फाडून धाडत. चाचीला अक्षर येत नव्हतं, पण कोपरे येत होते. "चारी हायत. आता वाच, पोरी," म्हणायची आणि कार्ड माझ्या हातात द्यायची.

काशीदच्या अलीकडे आमची वस्ती. आम्ही बोंबील वाळवायचो आणि ते टांगायला लागणारा सुंभ पलीकडच्या मुसलमान आळीतली ही चाची वळून द्यायची. तिचा नवरा जहाजावर खलाशी होता, तो मागेच वारला होता. काथ्या वळून वळून तिचे तळवे खरखरीत झालेले, आणि जीभही तशीच. सुंभ तुटला म्हणून कुणी तक्रार केली तर म्हणायची, "सुंभ नाय तुटला. तुमचे बोंबील माजले." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचा राग येत नाही.

तिची एकुलती मुलगी माझ्याबरोबर चौथीपर्यंत शिकली. माझी पाटी फुटली तेव्हा वर्षभर आम्ही दोघी तिच्याच पाटीवर लिहायचो. फाळणीनंतर ती नवऱ्यामागून कराचीला गेली. मला न सांगता गेली. तिची कार्डं मीच वाचायचे, उत्तरंही मीच लिहायचे, पण चाची सांगेल तेवढंच. माझ्याकडची एक ओळ कधी घातली नाही.

मग एका दुपारी भूकंप झाला. आमच्याकडे फळीवरची भांडी वाजली, विहिरीचं पाणी डचमळलं, आणि संपलं. कोण कसं पळालं त्याच्या नकला करून आम्ही दोन दिवस हसलो. नंतर दुकानातल्या रेडिओवर सांगितलं की हद्दीपलीकडे, पाकिस्तानात, घरंच्या घरं पडली.

चाची कोरं कार्ड घेऊन आली. अंगणात बायका बोंबील निवडत बसल्या होत्या. "पोरी, एवढंच लिही," ती म्हणाली. "हाय का, म्हणून विचार."

मी मान वर न करता म्हटलं, "वेगळं घर पाहिजे होतं ना त्यांना? राहा म्हणावं आता त्यात."

बायका हसल्या. एरवी कुणाचं ऐकून न घेणाऱ्या चाचीने कार्ड पदराखाली घातलं आणि गेली.

दीडेक महिन्याने मुलीचं कार्ड आलं. चाचीने रस्त्यातच कोपरे चाचपले आणि घरोघर गूळ वाटत फिरली. माझ्या दारीही आली. "पोर हाय. कोपरे शाबूत हायत," म्हणाली. वाच म्हणाली नाही. 'आण, वाचते' एवढं माझ्याही तोंडून निघालं नाही. गूळ मात्र मी खाल्ला. त्या गुळाची मला आजही लाज वाटते.

पुढे ती सुंभ आणून अंगणाबाहेरच ठेवायची.

तीन पावसाळ्यांनी चाची तापाने गेली. दफन झाल्यावर तिच्या आळीतल्या बायकांनी तिची पेटी उघडली आणि वाचता येणारी म्हणून मला बोलावलं. साडीच्या घडीत भूकंपानंतर आलेलं ते कार्ड होतं. मुलीचं तेच तिरकं अक्षर.

"अम्मा, आमचं घर पडलं. माझा पाय मोडला, पण वाचले. तिकडेही जमीन हलली असं ऐकलं. तू आहेस ना? उत्तर माझ्या पाटीवर लिहायची तिच्याच हातचं धाड, म्हणजे मला खरं वाटेल. नाही आलं तर तू गेलीस असं धरीन." खाली नवा पत्ता होता.

काय लिहिलंय, बायकांनी विचारलं. मी म्हटलं, खुशाली आहे.

घरी येऊन एक नवं कार्ड घेतलं, त्याचा कोपरा फाडला आणि लिहिलं, 'तुझी आई परवा गेली. भूकंपात तिला काही झालं नव्हतं.' मधली तीन वर्षं उत्तर का गेलं नाही, ते लिहायला अर्धं कार्ड कोरं होतं. तसंच नेऊन टपालपेटीत टाकलं.