केकची खिडकीकडची बाजू

ओळंबामिस्त्रींसारखा सरळ माणूस अख्ख्या वस्तीत नाही, असं म्हणतात. म्हणतात म्हणजे मिस्त्री स्वतःच म्हणतात, बाकीचे नुसती मान डोलावतात. चाळीस वर्षं गवंडीकाम केलं, पण एक भिंत सूतभर इकडची तिकडे झाली नाही. दोरीच्या टोकाला लोंबणारं ते पितळी वजन, ज्याला गवंडी ओळंबा म्हणतात, ते कायम खिशात. म्हणून हे नाव पडलं. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि काम सुटलं. सवय मात्र सुटली नाही. कुणाकडे चहाला गेले की आधी एक डोळा मिटून दाराची चौकट बघणार आणि मग "हं" म्हणणार. त्या एका "हं"ने किती घरमालकांची झोप उडाली असेल, देव जाणे. रक्तदाब तपासायला गेले तर डॉक्टरांनाच सांगून आले, तुमचं औषधांचं कपाट पुढे झुकलंय, सांभाळा.

आणि अशा माणसाच्या घरात दरवर्षी वाकडा केक व्हायचा. आता बोला!

केक करायच्या काकू, म्हणजे मिस्त्रींची बायको. वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या की लेक आणि जावई चार दिवस राहायला यायचे. त्या चार दिवसांसाठी काकू डबाभर लोण्याची बिस्किटं करायच्या, दुधाचं पुडिंग करायच्या आणि एक भला मोठा चौकोनी केक भाजायच्या. वर ना क्रीम, ना नक्षी. मैदा, लोणी, साखर, अंडी आणि संत्र्याची किसलेली साल, एवढंच. पण वास असा सुटायचा की शेजारच्या शिवणवाल्या बाई मशीन थांबवून उगाचच दोरा मागायला यायच्या.

चवीला नाव ठेवायला जागा नव्हती. रूपाचं मात्र विचारू नका. केक टेबलावर आला की ओव्हनमध्ये खिडकीकडे असलेली बाजू चार बोटं उंच आणि भिंतीकडची जेमतेम तीन. लेकीने ओव्हन आणून दिल्याला पाच वर्षं झाली होती, आणि पाचही वर्षं हेच.

मागच्या सुट्टीत जावयाने गंमत म्हणून केकच्या उंच कडेवर एक द्राक्ष ठेवलं. ते गडगडत खाली आलं आणि थेट लेकीच्या बशीत पडलं. सगळे पोट धरून हसले. मिस्त्री तर डोळे पुसेपर्यंत हसले, आणि वर म्हणाले, "ही माझ्या हाताखाली असती ना, तर पहिल्याच दिवशी थापी काढून घेतली असती हिच्याकडून!"

काकूही हसल्या, पण सगळ्यांच्या आधी थांबल्या. मग त्यांनी केकचं भांडं घासलं, कोरडं केलं, जुन्या चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर टाकून दिलं. त्या वेळी कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

लक्षात आलं ते या वर्षी. काकूंच्या धाकट्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, म्हणून काकू तीन दिवसांसाठी तिच्याकडे निघाल्या होत्या. परत आल्यावर दोनच दिवसांत लेक-जावई येणार. मिस्त्रींनी वर्तमानपत्रातून डोकं न काढता विचारलं, "अगं, मग केक कधी करणार?"

"नाही करणार."

"नाही करणार म्हणजे?"

"म्हणजे दुकानातून आणा. तिथे सरळ मिळतो." आणि काकू पिशवी उचलून चालू लागल्या. या वर्षीच नाही, यापुढे कधीच नाही, हे त्यांच्या पाठीकडे बघून मिस्त्रींना कळलं.

आता खोटं कशाला सांगू, मिस्त्रींना त्या क्षणी पश्चात्ताप वगैरे काही झाला नाही. वाईट वाटलं ते केकचं. पण दुपारी जेवून आडवे झाले आणि डोक्यात एक किडा वळवळायला लागला. केक दरवेळी खिडकीकडेच का चढतो? नवशिक्या गवंड्याची भिंत आज इकडे जाते, उद्या तिकडे. हाताची चूक असेल तर ती अशीच वागते. पण पाच वर्षं, एकच बाजू? ही हाताची चूक नव्हे. यात काहीतरी आहे! मिस्त्री उठून बसले. झोप गेली ती गेलीच.

काकूंची कृती कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली होती. त्याच संध्याकाळी मिस्त्रींनी बाजारातून दोन डझन अंडी आणली. भांडं हवं होतं, म्हणून कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना शिव्या घालत शिडी चढून माळ्यावरचं गाठोडं खाली काढलं. भांड्यावर पहिला संशय होताच. कोपऱ्याला गुण्या लावून पाहिला, तर चारही कोपरे चोख काटकोनात. तळही सपाट. भांडं निर्दोष सुटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी आयुष्यातला पहिला केक केला. लोणी-साखर अशी फेटली की शेजारच्या बाईंना वाटलं पुन्हा कुठे बांधकाम निघालं. मिश्रण भांड्यात ओतल्यावर त्यांनी पेटीतून कोरी थापी काढली, गरम पाण्याने धुतली आणि वरचा थर असा साफ केला की बघत राहावं. असा गिलावा त्यांनी बंगल्यांनासुद्धा केला नव्हता. मग ओव्हनचं दार लावलं आणि बाहेर फेऱ्या घालत राहिले.

केक निघाला तो खिडकीकडे चार बोटं, भिंतीकडे तीन.

मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. मग दुपारी दुसरा केक केला, या वेळी भांडं उलटं फिरवून ठेवलं. भांड्याची आधी भिंतीकडे असणारी बाजू आता खिडकीकडे आली, आणि तीच चढली! म्हणजे भांड्याचा संबंध नाही आणि हाताचाही नाही. मग आच एकाच बाजूला जास्त लागत असेल का? ते पाहायला त्यांनी पत्राभर बिस्किटं लावली, कोपऱ्यात, मध्ये, कडेला. सगळी सारखीच लालसर झाली. खात्री करायला अकरा खाऊन पाहिली. तपास म्हटला की एवढं करावंच लागतं.

दोन केक एकट्याने कसे संपवणार? एक कापून त्यांनी शिवणवाल्या बाईंना नेऊन दिला. बाईंनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, चव थेट काकूंची. आणि वाकडेपणासुद्धा काकूंचाच हो!"

हे मिस्त्रींना झोंबलं. घरी येऊन त्यांनी तिरीमिरीत ओव्हन उचलला, बाहेरच्या खोलीत जेवणाच्या टेबलावर ठेवला, लांब वायर जोडली आणि तिसरा केक लावला. ओव्हनमध्येच खोट आहे आणि ती आज उघडी पाडायचीच, अशी त्यांची जिद्द होती.

केक निघाला, आणि तो सरळ होता. चारही बाजूंनी साडेतीन बोटं. मिस्त्रींनी पट्टी लावून मोजलं.

"सापडला चोर!" ते मोठ्याने ओरडले. आणि मग ओरडलेलं तोंड तसंच उघडं राहिलं. अरे, कुठला चोर? ओव्हन तर तोच होता. बदलली होती ती फक्त जागा.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ओव्हन पुन्हा स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला, समोर स्टूल घेतलं आणि चौथ्या केकचं मिश्रण या वेळी थोडं पातळच ठेवलं. दार लावून काचेतून बघत बसले. ओव्हन नीट तापायच्या आधीच मिश्रण हळूहळू सरकायला लागलं. भिंतीकडून खिडकीकडे. अगदी सावकाश, पण सरकलंच.

नळीत पाणी भरून दोन टोकांची उंची जुळवायचं काम मिस्त्रींनी जन्मभर केलं होतं. पातळ पदार्थ आपली पातळी धरतो, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ते उठले, ओव्हन बंद केला, पेटीतून बुडबुड्याची पट्टी काढली आणि ओव्हनशेजारी ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवली. बुडबुडा पळत भिंतीकडे गेला. पट्टी फिरवून ठेवली, तरी भिंतीकडेच. पुसून ठेवली. चष्मा पुसून पाहिलं. ओटा मधोमध अगदी चोख होता, पण तो कोपऱ्यातला वेगळा बसवलेला दगड खिडकीकडे चांगला उतरता होता.

तो दगड कुणी बसवला होता? मिस्त्रींनी! सव्वीस वर्षांपूर्वी, दिवसभर दुसऱ्याच्या जिन्याचं काम करून आल्यावर, अंगात त्राण नसताना. पट्टी लावायचा कंटाळा केला होता. घरचंच तर आहे, उद्या बघू, असं म्हणून हातपाय धुतले होते. तो उद्या काही उगवला नाही. आणि तेव्हापासून मिस्त्री लोकांच्या चौकटी बघत "हं" म्हणत फिरत होते.

ते स्टुलावर बसले. मग हळूच एक विचार आला, आणि तो फार सोयीचा होता. ओव्हनच्या दोन पायांखाली पुठ्ठा सारला की झालं! केक सरळ होईल, बायको खूश, लेक खूश, आणि ओळंबामिस्त्रींच्या नावालाही धक्का नाही. कुणाला कळणार आहे? त्यांनी चपलांच्या खोक्याचं झाकण आणलं, कात्रीने दोन तुकडे कापले, घड्या घातल्या आणि एका हाताने ओव्हन उचलून दुसऱ्या हाताने पुठ्ठा आत सारायला घेतला.

"हा पुठ्ठा कशाला?"

दारात काकू उभ्या होत्या, पिशवीसकट. बहिणीच्या मुलाने गाडीने सोडलं, म्हणून दुपारऐवजी सकाळीच पोहोचल्या होत्या. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली. अंड्यांच्या टरफलांचा ढीग, मैद्याने पांढरी झालेली फरशी, बशीत अर्धा केक, ताटलीत उभी थापी.

"ते, ओव्हनचा पाय जरा..." मिस्त्रींनी सुरुवात केली. मग काकूंचा चेहरा पाहिला आणि त्यांना पुढे रेटवेना. "ओटा वाकडा आहे," ते म्हणाले. "हा कोपरा. मी बसवलेला. तुझ्या हातात काही खोट नव्हती."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. "हो."

"हो म्हणजे? तुला माहीत होतं?"

"राहायला आलो त्याच आठवड्यात कळलं. तेव्हा शेगडी त्या कोपऱ्यात होती. दूध कायम एकाच बाजूने उतू जायचं. तुम्हाला सांगितलं की मी."

"मला? मग मी काय म्हणालो?"

"पातेलं बदल म्हणालात."

मिस्त्रींची नजर शेगडीकडे गेली.

"दोन पातेली बदलली," काकू म्हणाल्या. "मग शेगडीच मधे सरकवली."

"बरं, पण ओव्हन? त्याच्याखाली पुठ्ठा सारायचास ना!"

"सारला होता. पहिल्याच वर्षी. तुम्ही ओढून काढलात आणि कचऱ्यात टाकलात. माझ्या ओट्याला ठिगळं लागत नाहीत, म्हणालात."

आणि मिस्त्रींना ते आठवलं. शब्दन् शब्द आठवला. पुठ्ठा फेकताना आपण कसे ऐटीत हसलो होतो, तेही आठवलं. त्यांना इतकी लाज वाटली की ओव्हन अजून हातात उचललेलाच आहे हेही ते विसरले. "मग मागच्या वर्षी सगळे हसत होते तेव्हा तरी बोलायचंस," ते पुटपुटले.

"बोलून काय झालं असतं? टेबल बदल म्हणाला असतात."

मिस्त्रींनी ओव्हन खाली ठेवला. "सुट्ट्या संपल्या की हा कोपरा फोडतो आणि नवा दगड बसवतो. पट्टी लावून."

"बसवा."

"मग केक करशील?"

"दुकानातून आणा म्हटलं ना मी," काकू म्हणाल्या, आणि खाली वाकून टरफलं गोळा करायला लागल्या.

मिस्त्री नळाकडे वळले. मग त्यांनी हात धुतले, पंच्याने पुसले, फोन घेतला आणि लेकीला लावला. "जावईबापू आहेत का जवळ? त्यांनाही ऐकू येईल असा ठेव फोन." एकदा खाकरले. "ऐका. केक वाकडा व्हायचा तो आपल्या ओट्यामुळे. कोपऱ्यातला दगड मी वाकडा बसवलाय. सव्वीस वर्षं झाली. तुझ्या आईने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. आणि वर तिलाच हसलो, तुमच्या सगळ्यांच्या देखत. ते चुकलं माझं."

पलीकडून जावयाचा आवाज आला, "बाबा, तुम्ही? वाकडा?" आणि जो काही हशा फुटला, तो स्वयंपाकघरभर ऐकू आला. लेकीला तर ठसकाच लागला. मिस्त्रींनी फोन ठेवला नाही. कान लाल झाले तरी हशा संपेपर्यंत फोन तसाच हातात धरून उभे राहिले. "हसा," एवढंच म्हणाले. "माझ्यावरच हसा."

फोन बंद झाला तेव्हा काकूंचे हात थांबले होते. त्या ओंजळीत टरफलं घेऊन नवऱ्याकडे बघत होत्या.

"अंडी उरलीत का काही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"मग उभे काय राहिलात? जा, घेऊन या. आणि येताना दोन संत्री आणा, चांगल्या सालीची."