कमी करायचं नाव

बालाघाटाच्या डोंगरापासून गोदावरीच्या काठापर्यंत आमच्या इंग्रजीच्या मास्तरांएवढा छळवादी माणूस झाला नाही, आणि ज्याची एवढी आठवण यावी असाही दुसरा कुणी झाला नाही. नेकनूरच्या शाळेत त्यांनी माझे कान पिळले. मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा आपटलो तेव्हा माझ्यापेक्षा तेच जास्त रडकुंडीला आले. पुढे मी बीडला कचेरीत रेशन कार्डांच्या टेबलाला चिकटलो, म्हटलं सुटलो एकदाचा, तर निवृत्त झालेले मास्तर तिथंही दत्त म्हणून उभे! कचेरीबाहेरच्या लिंबाखाली बसून ते लोकांचे अर्ज फुकट लिहून द्यायचे. फुकट म्हणजे नावालाच, कारण त्या अर्जातला एक तरी इंग्रजी शब्द शिकल्याशिवाय कागद हातात पडत नसे. अर्थ सांगायचा आणि वर वाक्यात उपयोग करून दाखवायचा. एकदा मेंढरं सांभाळणारा एक म्हातारा असाच सापडला. मास्तरांनी त्याच्याकडून ‘डिलीट’चा अर्थ चारचारदा घोकून घेतला आणि म्हणाले, “हां, आता वाक्यात उपयोग.” म्हातारा घाम पुसत म्हणाला, “मास्तर, ऊन लई हाय. मला आता हितून डिलीट करा.” मास्तरांनी त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले आणि चहाही पाजला.

काढून टाकायच्या शब्दांवर तर त्यांचा भलताच जीव. “रिमूव्ह म्हणजे हितून उचलून तिथं ठेवणं. कॅन्सल म्हणजे ठरलेलं मोडणं. इरेज म्हणजे खोडरबरानं पुसणं, त्यात कागदावर वळ राहतो बे, ध्यानात ठेव!” दातांच्या डॉक्टरनं “दाढ रिमूव्ह करू” म्हटलं तेव्हा, तो “एक्स्ट्रॅक्ट” म्हणेपर्यंत मास्तर गाल सुजलेला असताना तोंड मिटून बसले होते. त्याच सुमारास गावात एसटीडी बूथच्या माडीवर कॉम्प्युटरचा क्लास निघाला. मास्तर मला ओढत घेऊन गेले. तिथल्या मुलीनं पडद्यावर त्यांचं नाव उमटवलं, मग एक बटण दाबलं, आणि नाव गेलं. “गेलं कुठं?” मास्तरांनी विचारलं. “कुठंच न्हाई सर. डिलीट झालं.” मास्तर पडद्याच्या मागं वाकून बघून आले. मग चपला घालून जिना उतरले.

मास्तरांच्या घरात दोनच माणसं, ते आणि त्यांची मंदा. पोर पहिलीत असतानाच तिची आई गेली. मास्तर वेण्या घालायला शिकले. शाळेत त्यांच्या खिशातून खडूबरोबर रिबीन निघायची आणि आम्ही गाढवं फिदीफिदी हसायचो. मंदाचं लग्न झालं, जावई पुण्यात नव्यानं आलेल्या एका कंपनीत. आता तिथं गॅस घ्यायचा तर रेशन कार्डावर नाव हवं, आणि तिथल्या कार्डावर नाव चढायचं तर इथल्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला हवा. असले अर्ज मास्तर रोज लिहून द्यायचे. पण स्वतःच्या लेकीची वेळ आली आणि त्यांचं इंग्रजीच बिघडलं. पहिल्या अर्जात त्यांनी ‘ट्रान्सफर’ लिहिलं. मी परत दिला. दुसऱ्यात ‘रिमूव्ह’ लिहिलं. तोही परत दिला. तिसऱ्या वेळी म्हणाले, पेनातली शाई संपली. मी वैतागलो. “सर, छापील नमुन्यात डिलीट हाय. कावून अडून बसलात?”

“कमी करणं म्हणे! माणूस काय पोत्यातली साखर हाय का बे, कमी करायला?”

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दिवाळीला मंदा माहेरी आली आणि थेट लिंबाखाली येऊन उभी राहिली. मीही तिथंच चहा घेत होतो. “आप्पा, दीड वरीस झालं. स्टोला पिना मारू मारू हात काळे झाले माझे. सासूबाई म्हणतात, बापाला तुझं नाव सुटंना, तर जा परत बापाकडंच. कावून लिहिना झालात तुमी?”

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. मग माझ्यासमोरच म्हणाले, “तुझं नाव काढलं की कार्डावर मी एकटाच राहतो गं, बाई.”

मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण पोर बापाचीच होती. “हितं मी राहत न्हाई, आन् तिथं माझं नाव न्हाई. मग मी नेमकी कुठली, आप्पा?”

मास्तरांनी कागद पुढं ओढला आणि एका दमात, खाडाखोड न करता, अर्ज लिहिला. नमुन्यात होता तोच शब्द लिहिला.

दिवाळी उरकल्यावर मंदा दुपारच्या गाडीनं पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी मास्तर कार्ड घेऊन माझ्या टेबलापुढं एकटेच आले. उन्हातून आल्यानं धापा टाकत होते. चुकून भलत्याच नावावर रेघ पडू नये म्हणून मी आधी नाव मोठ्यानं वाचून घ्यायचो. तसंच वाचलं, “मंदाकिनी. वय अकरा. नातं, मुलगी.” कार्ड काढलं तेव्हाचं वय ते. कार्डावरची वयं वाढत नसतात.

“हजर,” मास्तर म्हणाले.

मी मान वर केली नाही. रेघ मारली, दाखल्यावर शिक्का उमटवला. “पोष्टानं नको, मीच नेऊन देतो,” असं म्हणत ते दाखल्याची घडी खिशात घालून स्टँडकडं निघाले.

मास्तर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेल्यावर लिंबाखाली दुसरा एक अर्ज लिहिणारा बसू लागला. तो भराभर लिहायचा आणि कुणालाच काही शिकवायचा नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत कमी करायचं नाव मोठ्यानं वाचत राहिलो, आणि प्रत्येक नाव वाचून झालं की रेघ मारण्याआधी थोडा थांबायचो.