जावई आणि बाटली

साताऱ्यातल्या आमच्या पेठेतल्या लॅबवाल्यांना रक्तातली साखर तपासण्यापेक्षा ती कशी तपासतात हे सांगण्यात जास्त रस. सुई टोचता टोचता ते सुरू करतात, "आवं, मशीनचं काय कौतुक? साखर वळखतं ते एन्झाइम. लय नाजूक! जावयागत थंडाव्यात ठेवावं लागतं." मग फ्रिज उघडून ते बाटलीचं दर्शन घडवतात. आरती तेवढी बाकी राहते.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून त्यांचे खरे जावई आले. घर लॅबच्या मागेच आणि फ्रिज एकच. श्रीखंडाच्या पातेल्याला जागा हवी म्हणून बाटली बाहेर आली आणि टेबलावर तापत राहिली. मेलेल्या एन्झाइमला साखर दिसेना, त्यामुळे रिपोर्टात अख्ख्या पेठेची साखर उतरली. माझ्या आत्याचीही. तिने आनंदाने गोळ्या बंद केल्या, वर कंदी पेढे खाल्ले आणि देवळाच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. मोठ्या दवाखान्यात साखर निघाली रिपोर्टाच्या दुपटीहून जास्त.

मी जाब विचारायला गेलो, तर बाटली अजून टेबलावरच. ते म्हणाले, "चुकलं खरं. पण जावयाला गरम श्रीखंड वाढू व्हय?"

आत्या आता बरी आहे. परवा रक्त द्यायला हात पुढे करण्याआधी तिने विचारलं, "आवं, जावई आल्यात काय?" हल्ली पेठेतले सगळेच तसं विचारतात.

"न्हाई, दिवाळीला येणार हायती," ते सांगतात. गावाला आपल्या जावयाची एवढी ओढ आहे, याचा त्यांना फार अभिमान वाटतो.