निडीतली फूट आणि गणपतीचा पाट

आमच्या घरातलं यादवी युद्ध मी सुरू केलं. (हेतू चांगला होता. पण इतिहास हेतू कुठे विचारतो!)

मी आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. एस. वाय. बी. ए., इतिहास. लायब्ररीतून अमेरिकेतल्या यादवी युद्धावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं होतं. तीन प्रकरणं वाचून मला एवढं कळलं की फुटीची लक्षणं आधीच दिसतात, फक्त नेत्यांना ती ओळखता येत नाहीत.

त्याच रविवारी काका-काकी त्यांच्या गावाहून, अष्टमीहून, आमच्याकडे निडीला आले. दोन्ही घरांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्यात, पण गणपती एकच, निडीला. कारण तो एकदा वेगळा आणला की दरवर्षी आणावाच लागतो. मग माघार नाही.

चहा पिताना काका बाबांना म्हणाला, "दादा, यंदा गणपतीत माजी सेकंड शिफ्ट हाय. आरती दुपारी घेतली तर चालेल काय?"

बाबांच्या तोंडात बिस्कीट होतं. ते मान डोलावणारच होते. (हे मला नंतर कळलं.) पण मी लक्षण ओळखलं होतं!

"थांबा! काकाच्या मनात काहीतरी खदखदतंय."

"माज्या?" काका दचकला.

"मनातलं बोलत नाहीत म्हणून देश फुटतात, काका. आज सगळ्यांनी मोकळेपणानं बोला. मी लिहून घेते."

मी वहीत दोन रकाने आखले: मूलभूत कारणे आणि तात्कालिक कारणे. बराच वेळ दोन्ही रिकामे. कोणाची तक्रारच नाही! असं कसं चालेल? मी फार आग्रह केला, तेव्हा काकी हळूच म्हणाली, "तसा काय नाय गो. फक्त मी केलेले मोदक वहिनी टोपात खाली ठेवतात. कळ्या नीट नाय म्हणून."

"खाली नाय ठेवत," आई म्हणाली. "मागं ठेवते."

झालं! काकी गौरीच्या दिवशी तयार पानावर येते, हे आईला आठवलं. शेवटची गाडी गाठायला काका आरती पळवतो, हे बाबांना आठवलं. काकानं घड्याळाकडे बघितलं की दादा मुद्दाम आणखी एक आरती सुरू करतो, हे काकाला आठवलं. माझी पानं भराभर भरत होती. मी "हळू बोला" म्हणत होते.

"एवढा जड झालो असलो तर आमचा गणपती अष्टमीला बसेल!" काका ओरडला.

इथे मी शांतपणे मतदान सुचवलं. वेगळं व्हायचं की एकत्र राहायचं? हात वर! दोन विरुद्ध दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"सुजे, तुजा हात?" बाबांनी विचारलं.

"बाबा, अध्यक्षानं तटस्थ राहायचं असतं."

काका उठला, त्यानं माळ्यावरून गणपतीचा फणसाच्या लाकडाचा पाट काढला. "आबांनी केलाय. आबा माजे पन बापूस होते!" म्हणाला आणि पाट बगलेत मारून निघाला. मागोमाग काकी. आई स्वयंपाकघरात भांडी आपटायला लागली.

"उद्या तो पाट पेणला गणपतीच्या कारखान्यात देईल," बाबा म्हणाले. "त्याच्या नावानं मूर्ती बसली की संपलं. दोन भाऊ, दोन गणपती." त्यांनी अर्धा चहा तसाच ठेवला.

मी घाईघाईनं चौथं प्रकरण उघडलं. त्यात अध्यक्ष सैन्य पाठवतो. आमच्याकडे पाठवायला मीच होते.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी पेण गाठलं. कारखान्यात छतापर्यंत बिनरंगाचे पांढरे गणपती आणि लोकांच्या रांगेत पाट घेऊन उभा काका. मी रस्ताभर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "काका, ज्या घरात एकी असते..."

"सुजे, मधी नको घुसू. लोकं ओरडतील."

त्याचा नंबर आला. कारागिरानं पाट घेतला, त्यावर चिकटवायची कोरी चिठ्ठी घेतली, पेन्सिल कानावरून काढली. "नाव?"

"अनंत, निडी," काका बोलून गेला.

बाबांचं नाव! मी आ वासला. काकानंही वासला. पाट पेणला पोचवायचं काम लग्नाआधीपासून त्याच्याकडेच. दुसरं नाव त्याच्या जिभेला माहीतच नव्हतं.

"बदलायचं काय?" कारागिरानं विचारलं.

काका चिठ्ठीकडे बघत राहिला. मागची रांग चुळबुळायला लागली.

"नको," तो म्हणाला. "दादाचाच हाय."

परतीच्या गाडीत मला राहवलं नाही. "पण काका, ती मूलभूत कारणं?"

"आमी पयले पन भांडायचो गो. पन कोन लिहून ठेवीत नव्हता!"

संध्याकाळी काकीही निडीला आली. आरती दुपारी घ्यायचं अर्ध्या मिनिटात ठरलं. दुभंगलेल्या माणसांना खरा नेता एकत्र आणतो, असं पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. मीही आणलं! आई, बाबा, काका, काकी, चौघं एका ओळीत बसून, कधी नव्हे इतक्या एकमतानं, मलाच झापत होते.