उसाच्या फडातून आलेली ओळ

कोल्हारजवळच्या आमच्या रानात गहू पेरला आणि महिन्याभरात नवरा गेला. झोपेतच. पाणी द्यायचं काम माझ्याकडे आलं. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात बारा वाजता बॅटरी आणि फावडं घेऊन मी निघाले. शेजारच्या उसात बिबट्या दिसल्याचं ऐकलं होतं. माझ्या पोरीला थोपटत सासूबाई म्हणाल्या, "गप राहू नको. आवाज असला की तो जवळ येत न्हाई."

पण एकटीनं बोलायचं कुणाशी? मोबाईलवर गाणी लावली, तर जास्तच भडभडून आलं. मग आई दळताना म्हणायची ती चाल धरली आणि शब्द माझे घातले :

"गहू पेरून गेला धनी, पाणी त्याला मी देते,
त्याच्या पावलाची खूण वाफ्यावाफ्यात शोधते."

दोन-तीनदा म्हटलं. तोडलेल्या उसाच्या फडाकडून, त्याच चालीत, बाईचा आवाज आला :

"नको शोधू गं मातीत, गहू आलाय वर,
त्याच्या हातचं पेरणं उभं तुझ्यासमोर."

मी फावडं टेकवून खाली बसले. तो गेल्यापासून घरात सगळे समजुतीचं बोलत, पण मला कुणी असं उत्तर दिलं नव्हतं. वाफा फुटून पाणी बांधावर गेलं, तेव्हा उठले.

सकाळी तिकडे गेले. पाथर्डीकडची ऊसतोड टोळी पाचटाच्या कोप्या घालून, त्या झोपड्यांत राहिली होती. माझ्याच वयाची एक बाई तान्ह्याला पाजत होती.

"रातच्या तुमीच व्हय?" तिनं विचारलं. "हे पोरगं झोपू देत न्हाई. मला वाटलं, हितं आपली चाल कुणाला ठाव नसंल."

"मालक हायेत का?" तिनं हळूच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. तिनं सरकून जागा केली.

मग रात्रीच्या प्रत्येक पाळीला मी एक ओळ टाकायचे, ती दुसरी. तिच्या ओळींत तिचं बंद घर यायचं, गावाकडं ठेवलेली थोरली लेक यायची.

कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला, तशी टोळी निघाली. "पुढच्या साली मुकादम नेईल तिकडं," ती म्हणाली.

यंदा दुसरीच टोळी उतरलीय. त्यांच्यात कुणी गात नाही. मी गाते. दुसरी ओळही बहुतेक वेळा मलाच सुचते. नाही सुचली, तर नुसती चाल गुणगुणत वाफ्यावाफ्यात पाणी वळवत दारं धरते.